फाइलला हात नाही लावला म्हणजे गेम ओरिजिनल झाला का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत गेमिंगवर जो लेख आला होता तो वाचला, चांगला होता, मराठी पेपरात गेम्सवर कोणीतरी नीट लिहितंय हेच आधी खूप झालं. पण त्यात एक चौकट होती, गेम मूळ रूपात खेळणं म्हणजे काय, आणि तिथे दोन ओळींत निकाल लावून टाकला होता की मॉड (म्हणजे बाहेरच्या कोणी बनवलेला फेरफार) टाकला, फाइलला हात लावला की तो गेम मूळ राहिला नाही, आणि काहीच टाकलं नाही तर तुम्ही व्हॅनिला, म्हणजे अगदी कोरा गेम खेळताय. वाचायला एकदम सरळ वाटतं. पण ज्यांनी थोडीफार वर्षं यात घालवलीयेत त्यांना माहितीये की हा नियम दोन्ही बाजूंनी गळका आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त डूम या जुन्या राक्षस मारायच्या गेमचा भाग ठेवा प्लीज.

आधी ती बाजू घेते जिथे फाइलला कोणी बोटही लावलेलं नाही. २०१६ मध्ये सेथब्लिंग नावाच्या यूट्यूबरने सुपर निंटेंडोवर सुपर मारिओ वर्ल्ड चालू केला, खरा कन्सोल, खरी कार्ट्रिज, कार्ट्रिजमध्ये काही फेरफार नाही. मग मारिओला ठरावीक जागी अगदी पिक्सेल मोजून नेऊन, तिथे उड्या मारायला लावून, गेममधल्या बगचा फायदा घेत त्याने कन्सोलच्या मेमरीत हातानेच एकेक बाइट लिहीत नेला आणि शेवटी स्क्रीनवर चालू काय झालं तर फ्लॅपी बर्ड, तो मोबाइलवरचा पक्षी उडवायचा गेम! मारिओच्या गेममध्ये, मारिओच्याच चित्रांचा. चौकटीच्या हिशोबाने हा माणूस पूर्ण वेळ सुपर मारिओ वर्ल्ड मूळ रूपात खेळत होता. आणि गंमत अशी की मलाही ते पूर्ण चूक म्हणवत नाही, कारण जे काही झालं ते त्या कार्ट्रिजमधल्या कोडनेच होऊ दिलं.

बरं ते टोकाचं झालं, सोडा. स्कायरिम घ्या, २०११ चा गेम. त्याचं फिजिक्स, म्हणजे वस्तू पडतात-हलतात कशा ते, फ्रेमरेटला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला) बांधलेलं आहे, सेकंदाला ६० फ्रेम्सपर्यंत सगळं ठीक, त्याच्या वर गेलं की वस्तूंच्या अंगात येतं. सुरुवातीच्या सीनमध्ये हात बांधलेल्या कैद्यांना घोडागाडीतून नेतायत, तुम्हीही त्यात बसलेले, वातावरण गंभीर, समोरचा कैदी तुमच्याशी बोलतोय, आणि नवीन दणकट कॉम्प्युटरवर तीच गाडी उड्या मारायला लागते, आडवी होते, रस्ता सोडून गरगर फिरते आणि आतले लोक मात्र काही झालंच नाही अशा थाटात डायलॉग म्हणत बसलेत. फाइल कोणी बदलली? कोणीच नाही, मशीन बदललं फक्त. आणि हा तमाशा थांबवायला लोक काय करतात तर सेटिंगच्या फाइलमध्ये जाऊन ओळ बदलतात नाहीतर फ्रेमरेट आवरणारा मॉड टाकतात. म्हणजे बनवणाऱ्यांना जो सीन दाखवायचा होता तो बघायला फाइलला हात लावावा लागतो, आणि हात न लावणाऱ्याला सर्कस.

अजून एक, डूममध्ये कीबोर्डवर आयडीडीक्यूडी टाइप केलं की तुम्ही मरतच नाही. हा कोड बनवणाऱ्यांनीच गेममध्ये ठेवलेला, १९९३ पासून तिथेच आहे, त्यामुळे गेम शंभर टक्के मूळ. पण तसं खेळून मी डूम संपवला म्हणणाऱ्याकडे कोण लक्ष देईल? मूळ गेम खेळणं वेगळं आणि इमानदारीत खेळणं वेगळं, आणि चौकटीत नेमकी याचीच सरमिसळ झालीये.

आता दुसरी बाजू, ही मला जास्त डाचते कारण इथे गेममध्ये फेरफार करणारी पार्टी खेळाडू नसतेच, कंपनी असते. ग्रँड थेफ्ट ऑटो फोर २००८ मध्ये आला. त्यात गाडीत बसलं की रेडिओ लागतो आणि त्या गेमचा अर्धा जीव त्या रेडिओत आहे, विशेषतः ते रशियन स्टेशन, कारण हिरो पूर्व युरोपातून आलेला माणूस आहे. एप्रिल २०१८ मध्ये दहा वर्षं झाली, गाण्यांचे परवाने संपले, आणि एका अपडेटने बरीच गाणी उडवली, रशियन स्टेशनवर जुन्याच्या जागी दुसरी घातली. ज्यांनी आधीच पैसे देऊन गेम घेतला होता त्यांच्याकडूनही गेली. मग चाहत्यांनी काय केलं, गेम जुन्या आवृत्तीवर परत नेणारी टूल्स बनवली. आता सांगा, ज्याने काहीही केलं नाही, नुसतं स्टोअरमधून डाउनलोड करून खेळायला बसला त्याला २००८ चा गेम मिळतच नाही, आणि ज्याने बाहेरचं टूल वापरून फाइली उलट्या फिरवल्या त्याला मिळतो. यातला मूळ गेम कोण खेळतोय? चौकट म्हणते पहिला. मी म्हणते काहीतरीच काय.

तुम्ही म्हणाल ही अपडेटच्या जमान्याची भानगड, पूर्वी कार्ट्रिजवर छापलं की छापलं. तसंही नाही हो. झेल्डा ऑकरिना ऑफ टाइम १९९८ चा, त्याच्या कार्ट्रिजच्याच वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या, सुरुवातीच्या कार्ट्रिजमध्ये फायर टेंपलच्या संगीतात मंत्रपठणासारखा आवाज आहे आणि शेवटच्या शत्रूचं रक्त लाल, नंतरच्या आवृत्तीत तो आवाज काढला आणि रक्त हिरवं केलं. दुकानात जे हाताला लागलं ते लागलं, खेळणाऱ्याला पत्ताही नाही. आणि युरोपात तेव्हा टीव्ही ५० हर्ट्झचे, जपान अमेरिकेत ६० चे, त्यामुळे कितीतरी गेम्स युरोपात साधारण १७ टक्के हळू चालायचे, संगीतासकट. एका पिढीने सॉनिक, जो वेगासाठीच प्रसिद्ध, तो रेंगाळत पळताना बघितला आणि त्यांच्यासाठी तोच ओरिजिनल.

तर मग धरायचं काय? इथे डूमवाल्यांकडे जावं लागतं, कारण या विषयात त्यांच्याइतकं सोवळं कोणी पाळत नाही आणि त्यांच्याइतका स्वच्छ विचारही कोणी केलेला नाही.

डूममध्ये खेळ रेकॉर्ड करायची सोय पहिल्यापासून आहे, त्याला डेमो म्हणतात. पण हा डेमो म्हणजे व्हिडिओ नाही. त्यात चित्र नाही, आवाज नाही, राक्षस कुठे होता, गोळी कुणाला लागली, काही काही नाही. गेम सेकंदाला ३५ ठोक्यांवर चालतो आणि प्रत्येक ठोक्याला खेळाडूचे फक्त चार बाइट लिहिले जातात, पुढे-मागे किती, डावी-उजवीकडे किती, वळला किती आणि कुठलं बटण दाबलं. बस. डेमो लावला की गेम ते चार चार बाइट वाचून सगळी मारामारी पहिल्यापासून परत घडवतो. आणि ती तशीच्या तशी घडते कारण डूममध्ये नशीब सुद्धा ठरलेलं आहे, २५६ आकड्यांचा एक तक्ता आहे आणि गेम तो ओळीने वाचत जातो, गोळीने किती इजा झाली, राक्षस कुठे वळला, सगळं त्या तक्त्यातून. म्हणजे सगळं जसंच्या तसं असेल तर तीस वर्षांपूर्वीचा डेमो आजही त्याच दारातून आत जाईल, त्याच राक्षसाला मारेल आणि त्याच क्षणाला लेव्हल संपवेल.

आता यात कुणी एक बारीक बग दुरुस्त केला समजा. चांगल्या हेतूने, भिंतीच्या कोपऱ्यात राक्षस अडकायचा तो आता अडकत नाही. तक्ता एका ठिकाणी एक आकडा जास्त वाचला गेला. पुढे काय होतं ते बघण्यासारखं असतं. पहिले काही सेकंद सगळं बरोबर, मग एक गोळी जी राक्षसाला लागायला हवी ती बाजूने जाते, तो राक्षस जिवंत राहतो आणि वाट अडवतो, खेळाडूला ते माहीत नाही, तो तर जुने बाइट म्हणतोय, तो त्याच्या अंगावर जाऊन आपटतो, दार उघडायचं बटण दोन पावलं आधीच दाबतो, दार उघडत नाही, आणि नंतर एकेकाळचा जगातला सगळ्यात तरबेज माणूस भिंतीकडे तोंड करून धावतोय, हवेत गोळ्या झाडतोय, शेवटी कोणीतरी येऊन त्याला मारतं. याला म्हणतात डेमो डिसिंक झाला. खोटं बोलायला जागाच नाही. गेम बदललाय की नाही हे कोणाच्या मतावर नाही, डेमो चालला तर नाही बदलला, डिसिंक झाला तर बदलला.

म्हणून चॉकलेट डूम नावाचा एक प्रकार आहे, कंपनीने खुल्या केलेल्या मूळ कोडवरून चाहत्यांनी बांधलेला, आजच्या मशीनवर चालणारा, आणि त्याचा उद्देशच हा की जुन्या डॉस कॉम्प्युटरवरच्या डूमसारखं वागायचं, त्याच्या बगसकट. मूळ गेमला एका वेळी जमिनीचे आणि छताचे १२८ च तुकडे काढता यायचे, त्याच्या वर नकाशा गेला की गेम एरर देऊन बंद पडायचा. चॉकलेट डूमही तिथेच बंद पडतो, मुद्दाम. आजही कोणी नवीन नकाशा बनवून तो व्हॅनिलाला चालतो म्हणाला की अर्थ असा की या हद्दीत बसवलाय. आणि याच्या शेजारी कंपनीने पुढे विकलेले अधिकृत डूम ठेवा, २०१२ च्या आवृत्तीत औषधाच्या पेटीवरचा लाल क्रॉस जाऊन तिथे गोळीचं चित्र आलं, २०२४ ची तर नव्या इंजिनावर आहे. म्हणजे शिक्का असलेला बदललेला, आणि चाहत्यांनी बांधलेला मूळ. फाइल फाइल करत बसणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं आहे ते यासाठी.

माझं म्हणणं डूममधूनच उचललंय. खेळाडूने तेच केलं तर गेम तेच उत्तर देतो का? देत असेल तर चित्र गुळगुळीत करा, रुंद स्क्रीनवर ताणा, काही बिघडत नाही. डार्क सोल्स २०१२ मध्ये कॉम्प्युटरवर आला तेव्हा आतलं रिझोल्यूशन ७२० ला अडकवलेलं, सगळं धूसर, तेव्हा डीएसफिक्स नावाचा मॉड लगेच आला आणि अक्षरशः सगळ्यांनी टाकला. रिझोल्यूशन वाढवलं इथवर तो मूळच गेम. पण त्याच मॉडमध्ये ३० ऐवजी ६० फ्रेम्स करायची सोय होती, ती चालू केली की उडी आखूड पडायची आणि शिडीवरून घसरत खाली आलात तर कधी कधी जमिनीतून आरपार जायचात. तिथे गेम बदलला. एकच मॉड, एकच फाइल, अर्धा इकडे अर्धा तिकडे, आणि चौकटीला हे पकडताच येत नाही.

पण माझाही नियम सगळीकडे पुरत नाही हे आधीच सांगते, कारण माइनक्राफ्ट हा ठोकळे खणायचा-रचायचा गेम आहे. तिथे रिसोर्स पॅक ही अधिकृत सोय आहे, दगडमातीची चित्रं बदलायची, मॉड वगैरे काही नाही. कोणीतरी दगडाचं चित्र पारदर्शक केलं. गेमचं उत्तर तेच, कुदळ मारली तर दगड तसाच फुटतो, पण आता जमिनीखालचे हिरे वरून दिसतात. इथे बदल गेममध्ये नाही, खेळाडूला काय कळतं त्यात झाला. म्हणून दुसरी अट घालावी लागते, गेमने जे झाकून ठेवलंय ते उघडं करायचं नाही. आणि इथेच घोडं पेंड खातं, कारण माइनक्राफ्टमध्येच एफ३ दाबलं की प्रोग्रामरसाठीची माहिती दिसते, त्यातच एक गोल चार्टही उघडता येतो, आणि स्पीडरनर मंडळी, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणारे, त्या चार्टमधल्या टक्क्यांवरून ओळखतात की जवळपास कुठेतरी पेटी किंवा स्पॉनर (राक्षस बाहेर काढणारा ठोकळा) लपलेला आहे. मॉड नाही, पॅक नाही, गेमचंच बटण. आणि ते चालतं! लीडरबोर्डवर, म्हणजे विक्रमांच्या यादीत, मान्य आहे. उलट सोडियमसारखे गेम सुसाट चालवणारे मॉड, जे सरळ सरळ कोड बदलतात, तेही मान्य यादीत आहेत. म्हणजे त्या लोकांनी फाइलचा नियम कधीच सोडून दिलाय आणि यादी करून ठेवलीये, हे चालेल ते नाही, आणि मला यात लबाडी काही दिसत नाही, बसून ठरवलंय आणि सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलंय.

ते न लिहिता केलं की काय होतं तेही तिथेच झालं. २०२० मध्ये ड्रीम नावाच्या खूप मोठ्या यूट्यूबरचे माइनक्राफ्टचे स्पीडरन लीडरबोर्ड सांभाळणाऱ्या मॉडरेटरांनी तपासले. पिग्लिन या डुकरासारख्या प्राण्याला सोनं दिलं की तो बदल्यात काहीतरी देतो, त्यात गेम संपवायला लागणारे एंडर पर्ल मिळायची शक्यता पाच टक्क्यांपेक्षा थोडी कमी. २६२ वेळा सौदा केला तर बारा-तेरा वेळा मिळायला हवे, त्याला मिळाले ४२ वेळा. ब्लेझ रॉडचंही तेच, तेही लागतातच, ब्लेझ हा राक्षस मारल्यावर निम्म्या वेळा पडायला हवे, ३०५ पैकी २११ वेळा पडले. व्हिडिओत बघून कोणालाही काही कळलं नसतं, चित्र तेच, आवाज तोच, गेम दिसायला अगदी कोरा करकरीत, आणि मॉडरेटरांनी फाइल नाही, आकडे बघून पकडलं. नंतर मे २०२१ मध्ये त्याने मान्य केलं की शक्यता बदलणारा मॉड चालू होता, फक्त मुद्दाम नव्हता असं त्याचं म्हणणं. असू दे मुद्दाम नसेल, रन तर मूळ गेमची नव्हतीच ना.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमवाल्यांची गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर पान भरेल. लोकांनी वर्षानुवर्षं आम्हाला २००४ चा गेम परत द्या म्हणून डोकं खाल्लं, घोषणाच होती की काही बदलू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक आला, पण तो बांधला १.१२ वर, म्हणजे २००६ ची आवृत्ती, त्यामुळे सुरुवातीच्या काळातल्या राक्षसांशी लढायला हातात नंतर सुधारलेली कौशल्यं. आणि जुना सर्व्हर मंत्र गठ्ठ्याने हाताळायचा, त्यामुळे जी थोडी दिरंगाई जाणवायची ती नव्या वेगवान सर्व्हरवर मुद्दाम परत बसवली, ४०० मिलिसेकंदांची. इतकं सगळं करून काय झालं, मोल्टन कोअर या त्यातल्या अवघड मोहिमेचा शेवटचा बॉस, जो मूळ वेळी पडायला कित्येक महिने लागले होते, तो पहिल्याच आठवड्यात पडला. लोकांना सगळं पाठ होतं. आता खेळाडूंच्या डोक्यातली माहिती कोण अनइन्स्टॉल करणार, आणि ती मॉडमध्ये धरायची तर विकी उघडून खेळणारा प्रत्येक जण गुन्हेगार. मी धरत नाही. विकी वाचणं हा खेळाडूतला बदल आहे, गेममधला नाही.

तसंच कंट्रोलरची बटणं स्वतःच्या हाताला सोयीची लावून घेणं, रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्याने रंग बदलणं, अक्षरं मोठी करणं, याला कोणी फेरफार म्हणत असेल तर त्याच्याशी मला वाद पण घालायचा नाही. पण एकदा बटण दाबलं आणि यंत्राने सेकंदाला वीस वेळा दाबलं, ते नाही चालणार, तिथे खेळतंय यंत्र.

आणि हे सगळं कुठे लागू, तर जिथे तुम्ही दुसऱ्यासमोर जाऊन काही म्हणताय तिथे, रेकॉर्ड लावताय, स्पर्धेत उतरताय, गेम अवघड आहे का सोपा यावर भांडताय. एकट्याने खेळताना काय वाट्टेल ते करा. अमेरिकेत गेम जिनी नावाच्या उपकरणावरून निंटेंडोने कोर्टबाजी केली होती, कार्ट्रिज आणि कन्सोलच्या मध्ये ते बसवलं की जास्तीचे जीव मिळायचे वगैरे, आणि १९९२ मध्ये अपील कोर्टाने निंटेंडोचं ऐकलं नाही, त्याने काही नवीन कलाकृती तयार होत नाही म्हणाले. ज्याने गेम घेतला त्याने तो कसा खेळायचा हे त्याचं त्याने बघावं. मॉड टाकणाऱ्यांकडे बघून जे नाक मुरडलं जातं ना, त्याचा मला खरंच कंटाळा आलाय, काउंटर स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ लाइफचा मॉड म्हणूनच सुरू झाला होता एवढं त्या मंडळींना आठवण करून द्यावीशी वाटते.

तुमच्याकडे मागणं एकच आहे. पुरवणीत गेमचं परीक्षण छापता तेव्हा नुसतं गेमचं नाव आणि स्टार नका देऊ. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हाचं परीक्षण वाचून आज कोणी तो घेतला तर त्याच्या हातात पडतो सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतरचा गेम, ज्यात पर्क (हिरोची कौशल्यं), पोलीस, चिलखत सगळ्याची मांडणी नव्याने केलीये, आणि मग तो म्हणतो पेपरवाल्यांनी भलतंच लिहिलं होतं. तर परीक्षणाखाली एक बारीक ओळ टाका, कुठली आवृत्ती, कुठल्या मशीनवर, किती फ्रेम्सवर, कुठला मॉड किंवा पॅच चालू होता. जागा काही फार जात नाही, लेखकाच्या नावाखाली सहज बसेल.

आपली,
एक नियमित वाचक